मोटार बंद झाल्यावर



थंडी वाढलीय, म्हणून आधी कामाचं सांगतो. केळीला पाणी रात्री नाहीतर पहाटे द्या, बागेतली ऊब जरा टिकते. वाऱ्याच्या बाजूला शेवरी किंवा गजराज गवताचा आडोसा नसेल तर निदान शेडनेट बांधा. लहान बागेची पानं पिवळी दिसली म्हणून लगेच युरिया ओतू नका. या थंडीत मुळी काम करत नाही, टाकलेलं खत उचललंच जात नाही. निसवण लांबणार हे धरूनच चाला. केळीचं बाकीचं पुढच्या वेळी फोटोसकट टाकतो.

आज पिकाचं नाही, दुसरंच लिहायचंय. गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या शेतकऱ्यानं तक्रार केली, "तात्या, संध्याकाळी तुमचा फोन नुसता वाजतो, उचलत नाही. रागावलाय का?" रागावलो नाही. मोटार बंद झाली की मी फोन पिशवीत घालून गोठ्यातल्या खुंटीला अडकवतो आणि खाली पाण्याकडं जाऊन बसतो. अर्धा तास, कधी पाऊण तास. तिथं काय करता म्हणून त्यानं विचारलं. काही करत नाही म्हणलं. जप नाही, पोथी नाही, प्राणायाम नाही. तो जरा वेळ गप्प झाला आणि मग म्हणला, "तब्येत बरी हाय न्हवं?"

तिथंच हे लिहायचं ठरवलं. आपल्याकडं काही न करता बसलेला माणूस दिसला की तो एकतर आजारी असतो, नाहीतर कर्जानं गांजलेला. तिसरं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही येत नव्हतं, आणि त्याचा एक काटा अजून मनात आहे.

आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात आहे. धरण 1980 ला पूर्ण झालं, पण आम्ही त्याच्या आधीच उठलो होतो. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन. बैलगाडीत कोंबड्यांचं खुराडं, जातं आणि देव एका पोत्यात, एवढं आठवतं. नवीन गावठाणात आल्यावर आबा, म्हणजे माझे वडील, रोज दिवस मावळायला काठावर जाऊन बसायचे. गळ्यात माळ होती, पण तिथं बसून जप करायचे असं काही नव्हतं. आई म्हणायची, "गेले गाव बघायला." आम्हाला वाटायचं, गाव बुडालं त्याचं दुःख करत बसतात.

मी दहावी झाल्यावर शेतीत आलो. 1996 ला पहिली पाइपलाइन केली, मोटार बसवली, ऊस लावला. घरात हप्त्याचा घोर होता. एक दिवस पाण्याची पाळी माझी, दारं मोडायला माणूस नाही, आणि आबा आपले दगडावर बसलेले. मी चिडून बोललो, "आबा, नुसतं बसून काय मिळतं तुम्हाला? निदान स्टार्टरकडं तरी बघत जावा." आबा एवढंच म्हणले, "बसलोय की रे." दुसऱ्या दिवसापासून ते स्टार्टरच्या पेटीजवळ बसायला लागले. तोंड पाण्याकडंच, पण कान मोटारीकडं. म्हाताऱ्याचा तेवढा अर्धा तास मी घेतला. 2011 ला ते गेले.

आता 2024 चा उन्हाळा आठवा. 2023 च्या पावसाळ्यात धरण 60 टक्क्यांच्या आसपासच अडकलं होतं. जानेवारी 2024 मध्ये ते उण्यात गेलं आणि जूनच्या तोंडाला उणे 60 टक्क्यांच्या जवळ जाऊन टेकलं. 117 टीएमसीचं आपलं धरण, त्यातला 63 टीएमसी मृतसाठा. त्या वर्षी आपण सगळे मेलेल्या पाण्यावर जगलो म्हणायला हरकत नाही. पाणी रोज मागं सरकायचं आणि आपण मोटारी घेऊन त्याच्या मागं. चाऱ्या खोदल्या, पाइपाची नगं वाढवली, केबल वाढवली. माझी मोटार तीनदा पुढं सरकवली. काठावरच्या कुणालाही विचारा, त्या चार महिन्यांत कुणी सलग झोपलेलं नाही.

मे महिन्यात एका दुपारनंतर मी खाली गाळात केबल जोडायला थांबलो होतो. वायरमन येतो म्हणला आणि आलाच नाही. फोन बंद पडलेला. वर जाऊन परत यायचं तर तास मोडणार, म्हणून तिथंच बसलो. पहिला अर्धा तास नुसता तळमळलो. हात सारखा खिशाकडं जायचा. मग ऊन कललं आणि मला समोरच्या गाळात एक चौथरा दिसायला लागला. दगड ओळखीचे वाटले. जुन्या मारुतीच्या देवळापुढचा पार होता तो. त्याच्या डाव्या हाताला पडक्या विहिरीचं कडं, आणि तिथून मोजत गेलो तर आमच्या घराचं जोतं.

मी उठून पारावर जाऊन बसलो आणि सहज वर काठाकडं बघितलं. आबांचा दगड बरोबर समोर होता.

तेव्हा एक गोष्ट आठवली. जुन्या गावात संध्याकाळी सगळे बापे या पारावर बसायचे. भजन रात्री असायचं, पण त्याच्या आधी नुसतंच बसायचे. तंबाखू मळायची, एखादं वाक्य बोलायचं, परत गप्प. मी आबांच्या मांडीजवळ खेळायचो. आबा गाव गेलं म्हणून रडत नव्हते. पार पाण्याखाली गेला तरी त्यांनी बसणं सोडलं नव्हतं, एवढंच. हे कळायला मला आबा जाऊन तेरा वर्षं आणि धरण उणे व्हावं लागलं. तिथं बसून मी बराच वेळ रडलो, लपवून काय करायचं. दिवस मावळला तेव्हा अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. केबल तशीच पडली होती. केळीला त्या रात्री पाणी मिळालं नाही. बाग काही वाळली नाही.

त्यानंतर मी बसायला लागलो. आता माझं मत सांगतो. पटलं तर घ्या.

आपल्याला वेळ नाही असं आपण म्हणतो, पण आपल्या आज्याला होता. तो काही आपल्यापेक्षा कमी राबत नव्हता. फरक पिकात आहे. करमाळा, माढा, मंगळवेढा हा सगळा रब्बी ज्वारीचा मुलूख. पेरणी हस्ताच्या आसपास व्हायची. आषाढात रानं पावसाची वाट बघत मोकळी, कुळवाच्या पाळ्या सोडल्या तर फारसं काम नाही. म्हणून माणूस पंधरा-वीस दिवस वारीला जाऊ शकत होता आणि शेताचं काही बिघडत नव्हतं. ती मोकळीक त्या पिकानंच ठेवलेली होती. आमच्या घरी अमावस्येला औत जुंपत नसत. बैलाला सुट्टी म्हणायचे, पण बैल बांधलेला म्हणजे माणूसही बांधावर बसलेला.

उजनी आली, आपलं सोनं झालं, ते मी नाकारत नाही. माझी दोन्ही पोरं या पाण्यावर शिकली. पण पाण्यानं वर्षातली मोकळी जागा भरून टाकली. आषाढ आला की आता आडसालीची लागण. मग बांधणी, मग केळीची छाटणी, घड व्यवस्थापन, मग टोळी येते का बघायचं, टोळी गेली की खोडवा. अमावस्या बैलाला होती, ट्रॅक्टरला नाही. लाईट कधी दिवसा, कधी रात्री, म्हणजे झोपसुद्धा आपल्या हातात नाही. आणि जी पाच-दहा मिनिटं मध्ये सांडतात ती फोन गिळतो. मी स्वतः या पानावर लिहितो, म्हणजे त्या गिळण्यात माझाही वाटा आहे, कबूल.

निवृत्तिनाथ महाराजांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते ती आपल्या करमाळा, जेऊर, कंदरवरूनच पंढरपूरला जाते. दरवर्षी आपण चहा, पोहे, केळी वाटतो, फोटो काढतो आणि पळत मोटार बघायला येतो. एका वर्षी नाशिककडच्या एका म्हाताऱ्या वारकऱ्याला मी केळी देता देता विचारलं, "माऊली, इतके दिवस शेत कोण बघतं?" तो म्हणला, "पोरगं बघतं. नाही बघितलं तर तण वाढतं. गेल्यावर काढतो." आणि केळाची साल हातात घेऊन पुढं गेला. मी मात्र तेव्हा मनात हिशोब करत होतो की पंचवीस दिवसांत तण किती वाढेल.

आता इथं आपली सगळी मंडळी एकच उत्तर देतात, आणि ते उत्तर आपल्याच जिल्ह्यातलं आहे. म्हणतात, अरणच्या सावता माळ्यांना कुठं वेळ काढावा लागला? ते पंढरीला गेले नाहीत, मळ्यातच विठ्ठल बघितला. आम्हीपण मळ्यातच असतो, आमचं काम हीच पूजा. टेंभुर्णीच्या पुढं मोडनिंबकडं जाताना अरण लागतं. 1295 साली महाराजांनी तिथंच समाधी घेतली. पंढरपूर जवळ असून जे गेले नाहीत, त्यांच्या भेटीला आषाढात विठ्ठलाची पालखी अरणला येते. मी किती वेळा तिथं गेलोय. हे उत्तर मीही वीस वर्षं वापरलं.

पण खरं सांगा, आपल्या मळ्यात आपण असतो का? हातात फवारणीचा पाइप, खांद्यावर मान वाकडी करून धरलेला फोन, डोक्यात व्यापाऱ्यानं सांगितलेला दर आणि सोसायटीची तारीख. सावता महाराजांच्या काळात मोट होती. बैल पुढं जायचा, मोट वर यायची, पाणी थारोळ्यात पडायचं, मग बैल उलट्या पावलानं मागं. त्या मागं येण्यात माणसाला श्वास होता. म्हणून मोटेवर गाणी झाली. मोटारीवर एकही गाणं झालेलं मी ऐकलं नाही. कामात देव दिसतो हे मी खोटं म्हणत नाही. ज्याला दिसतो त्याला दंडवत. पण आपण महाराजांचं नाव पुढं करून स्वतःची धावपळ झाकतो, हे मला आता पटेनासं झालंय.

कृषी विभागातली, कृषी सेवा केंद्रातली पोरंही हे पान वाचतात. त्यांना एक उदाहरण लगेच कळेल. आपण उसाची सरी तीन फुटांवर काढत होतो. साडेचार-पाच फुटांवर जा म्हणल्यावर गावानं वेड्यात काढलं. एवढी जमीन मोकळी सोडायची? तिथं काहीच लावायचं नाही? लावलं नाही म्हणूनच ऊन-वारा आत गेला, फुटवे जगले, उसाला जाडी आली. आज कुणी तीन फुटाला परत जात नाही. माझं म्हणणं तेवढंच आहे, फक्त ते दिवसाच्या बाबतीत. पट्टा मोकळा सोडायचा आणि मोकळाच ठेवायचा.

मोकळाच, हे का म्हणतो? कारण आपण तोही भरून टाकतो. फोनवर ते व्हिडिओ येतात, पहाटे चारला उठा, एवढी मिनिटं ध्यान, एवढी मिनिटं स्तोत्र, मग एवढं कोमट पाणी. मी करून बघितलंय. आठ दिवसांत ते पाण्याच्या पाळीसारखं झालं. चुकलं की चुटपुट, जमलं की मिरवायचं. गावातल्या सप्त्याचंही तेच होत चाललंय. स्पीकर किती मोठा, महाराज किती पैसे घेणारे, पंगतीला काय. सात दिवस देवाच्या नावानं चालतात आणि त्यात गप्प बसायला एक घटका मिळत नाही. हे लिहिल्यावर चार जण रागावतील, रागवा.

म्हणून मी वेळ बांधून घेतली नाही. मोटार बंद झाल्यावर, एवढंच ठरलेलं. रात्रीची लाईट असते तेव्हा ते सकाळी होतं. टोळी रानात असली की दोन-तीन दिवस होतच नाही. आणि तिथं काय करायचं हे मुद्दाम ठरवलेलं नाही. सुरुवातीचे पंधरा दिवस लई जड गेले. युरिया, हप्ता, भावकीचा बांध, सगळं तिथंच आठवायचं. उठून जावंसं वाटायचं. मग हळूहळू ते आपोआप शांत होतं, गढूळ पाणी चारीत थांबलं की निवळतं तसं. आता थंडीत पट्टकदंब आलेत, ते संध्याकाळी ओळ धरून येतात. कधी तोंडातून विठ्ठल विठ्ठल आपसूक निघतं, कधी निघत नाही. देव भेटला का म्हणून विचाराल तर मला सांगता येणार नाही. आबा भेटतात, एवढं नक्की.

आता यातली माझी चूक. तीन-चार महिने असं बसून आल्यावर मी घरी मोठ्या तोंडानं सांगायला लागलो, माणसानं कसं मोकळं बसलं पाहिजे वगैरे. एक दिवस मालकीण भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्ही पाण्याकडं बसता तेव्हा मी गोठ्यात असते. तुमचा फोन माझ्या डोक्यावर खुंटीला वाजत असतो. मी कधी बसू ते पण सांगा." मला उत्तर देता आलं नाही. आबा बसायचे तेव्हा आई काय करत होती, हे मी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून संध्याकाळच्या धारा माझ्याकडं. मी आलो की ती गोठ्यातून बाहेर पडते. पहिल्या दिवशी तिला काय करावं कळेना, तांदूळ निवडत बसली. दुसऱ्या दिवशी लसूण. महिनाभरानं ती मागच्या ओट्यावर तुळशीजवळ हात मोकळे ठेवून बसलेली दिसली. काय करतेस म्हणून मी विचारत नाही. माझ्या धारा नीट निघत नाहीत, जर्सी गाय लाथ मारते, डेअरीवर दूध पाऊण लिटर कमी भरतं. ते जाऊ दे. मोकळ्या वेळाच्या गप्पा मारणाऱ्या गड्यांनी आधी हे बघावं की आपली मोकळीक कुणाच्या अंगावर पडलीय.

एक तरुण पोरगं म्हणलं, "तात्या, कर्ज नसलेल्याचे हे चोचले हायत." मला कर्ज आहे. 2024 च्या केबल-पाइपाचं अजून फिटतंय. बसल्यानं ते कमी झालं नाही, वाढलंही नाही. एक मात्र झालं. पूर्वी रात्री दोनला जाग आली की छातीत धडधडायचं, ते बरंच थांबलंय. ज्याच्या डोक्यावर दिवसरात्र तगादा आहे आणि झोपच उडालीय, त्याला मी नुसतं बस म्हणणार नाही. त्यानं आधी कुणाशी तरी बोलावं, डॉक्टरला दाखवावं, एकट्यानं पाण्याकडं तर अजिबात जाऊ नये. हे ज्याचं त्यानं ओळखायचं.

आणि हा प्रकार फक्त आपल्या धर्मातला आहे असंही नाही. मागं एका लग्नाला अलिबागकडं गेलो होतो, तिथं बेने इस्रायली लोकांचं ऐकलं. समुद्रातून आलेले ज्यू लोक, कोकणात राहून मराठीच झालेले, धंदा तेलाच्या घाण्याचा. शेकडो वर्षांत त्यांची मूळ भाषा मागं पडली, पण शनिवारी घाणा बंद ठेवायचं त्यांनी सोडलं नाही. गावानं त्यांना नाव काय दिलं, तर शनिवार तेली. ज्या दिवशी काम करत नाहीत त्या दिवसावरून ओळख! त्यांच्या शास्त्रात सातव्या वर्षी जमीनसुद्धा पड ठेवायला सांगितलीय. आपण उसावर ऊस घेऊन काठची रानं चोपण करून ठेवली, तेव्हा हे ऐकून मला जरा लाज वाटली. पड रान म्हणजे वाया गेलेलं रान असं आपल्याला कधीपासून वाटायला लागलं कोण जाणे. माझ्या आज्याला तसं वाटत नव्हतं.

यंदा धरण भरलंय. पार परत पाण्याखाली आहे, किती खाली ते दिसत नाही. स्टार्टरची पेटी मी तिथून हलवून वर शेडजवळ घेतली, दगड आहे तिथंच ठेवला. धाकटा पोरगा मोबाईलवरून मोटार चालू-बंद करायचं यंत्र बसवू म्हणतोय, म्हणजे खाली जायचं कामच पडणार नाही. बसव म्हणलंय. मी तरी खाली जाणारच आहे. परवा तो मला बोलवायला आला होता, काहीतरी बिलाचं होतं. हाक मारली नाही त्यानं. थोडा वेळ मागं उभा राहिला आणि मग शेजारी बसला. बिलाचं घरी गेल्यावर बोललो.

पाच वाजून गेले, आज लाईट साडेपाचला जाणार आहे. ज्यांनी करप्याचे फोटो पाठवलेत त्यांनी पानाची मागची बाजूही पाठवा. दोघांचे फोटो हलल्यामुळं काहीच कळत नाही. रात्री बघून सांगतो.